फॉरमॅट मारण्याआधी

‘हार्ड डिस्क डिटेक्ट होत नाही’ असं म्हणत दुरुस्तीच्या दुकानात शिरणाऱ्या दोघांचं दुखणं एकच असेल असं मुळीच नाही. एकाची केबल सैल झालेली असते, दुसऱ्याच्या डिस्कमधलं हेड मोडलेलं असतं. पहिल्याचं काम एका साध्या केबलवर भागतं. दुसऱ्याला आतला डेटा परत हवा असेल तर खर्च पाच आकड्यांत जाऊ शकतो आणि तरी हमी नाही ती नाहीच. दोघांना मिळणारा सल्ला मात्र ठरलेला. ड्रायव्हर अपडेट कर, दुसऱ्या मशीनला लावून बघ, नाहीतर सरळ फॉरमॅट मार. यातला कुठला सल्ला कधी लागू पडतो, कुठल्यात नुसता वेळ जातो आणि कुठल्यात होतं नव्हतं ते जातं, हे जरा नीट पाहायला हवं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दिसेनाशा झालेल्या डिस्कवरचे लग्नाचे फोटो, दुकानाचे हिशेब, पीएच.डी.चे प्रबंध कायमचे जातात ते पुष्कळदा मूळ बिघाडामुळे नव्हे, तर बिघाडानंतरच्या पहिल्या तासाभरात मालकाने किंवा त्याच्या ‘कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्या’ भाच्याने केलेल्या उपायांमुळे. म्हणून डिस्कला हात लावण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: हिच्यावर जे आहे त्याची दुसरी प्रत कुठे आहे का? असेल, तर पुढचं सगळं बिनधास्त करून पाहा, फार तर डिस्क जाईल. नसेल, तर आपण डिस्क दुरुस्त करायला बसलेलो नाही, डेटा वाचवायला बसलो आहोत. ही दोन कामं वेगळी आहेत आणि बऱ्याचदा एकमेकांच्या आड येतात.

पोर्टेबल डिस्कचं वरचं कवच काढलं तर आत लॅपटॉपमध्ये असते तशीच अडीच इंची हार्ड डिस्क निघते आणि बहुतेक वेळा तिच्या टोकाला बोटभर लांबीची एक सर्किटची पट्टी. तिला ब्रिज बोर्ड म्हणतात. डिस्कची साटा जोडणी यूएसबीला जुळवून घेणं हे तिचं काम. केबल लावली की आधी डिस्कला वीज मिळते. मग बोर्ड आपली ओळख सांगतो, कुठल्या कंपनीचा, कुठलं मॉडेल वगैरे. मग संगणक डिस्कची क्षमता विचारतो, तिच्या सुरुवातीला लिहिलेला पार्टिशनचा तक्ता वाचतो, प्रत्येक पार्टिशनची फाइल सिस्टिम ओळखतो आणि सगळ्यात शेवटी विंडोज तिला ई किंवा एफ असं एखादं अक्षर देऊन ‘धिस पीसी’मध्ये उभी करतं. ही साखळी कुठेही तुटली तरी मालकाला कळतं ते इतकंच की चित्र उमटलं नाही. उपाय मात्र साखळी कुठे तुटली त्यावर ठरतात.

ते शोधायला सुरुवातीला उपकरण लागत नाही, कान पुरतात. डिस्क टेबलावर सपाट ठेवून केबल लावायची आणि कान तिच्याजवळ न्यायचा. फिरती डिस्क उचलून कानाला लावायची नाही. बारीक घरघर सुरू होऊन एका लयीत चालू राहिली, तर वीज पोचते आहे आणि मोटर शाबूत आहे. त्याच वेळी विंडोजने उपकरण जोडल्याचा नेहमीचा आवाज दिला, तर बोर्डाची आणि संगणकाची ओळखही पटली. म्हणजे अडचण पुढे आहे, पार्टिशनमध्ये किंवा फाइल सिस्टिममध्ये. घरघरही नाही आणि आवाजही नाही, तर अडचण वीज, केबल किंवा बोर्ड यांत आहे. घरघर आहे पण संगणक मुका आहे, तर केबलच्या डेटा वाहणाऱ्या तारांवर आधी संशय घ्यावा. एवढ्या अर्ध्या मिनिटाच्या परीक्षेने निम्मे रस्ते बंद होतात. तरी ती कुणी करत नाही याचं मला नेहमी नवल वाटतं.

विजेचा भाग जरा तपशिलात बघू, कारण स्वस्तात सुटणारे सगळ्यात जास्त बिघाड इथे असतात. २००० साली आलेल्या यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५ व्होल्टवर जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर प्रवाह देण्याचा नियम आहे. २००८ च्या यूएसबी ३.० ने तो ९०० वर नेला. अडीच इंची डिस्क एकदा फिरू लागली की एवढ्यात आरामात भागवते, पण थांबलेल्या तबकड्यांना गती देताना क्षणभर बरीच जास्त वीज ओढते. मागे मदरबोर्डवरच्या पोर्टला लावलं तर हे निभतं. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचा पोर्ट मात्र आतून एका बारीक लांब वायरने जोडलेला असतो, आणि स्वतःचा ॲडॅप्टर नसलेल्या हबमध्ये तर एकाच पोर्टची वीज चौघांत वाटली जाते. मग डिस्क फिरायला लागते, वीज कमी पडते, ती थांबते आणि पुन्हा फिरायला लागते. दर दोन-चार सेकंदांनी ‘टिक’ असा आवाज येतो. हा आवाज हेड मोडल्याच्या आवाजाशी इतका मिळताजुळता असतो की लोक घाबरून डेटा रिकव्हरीवाल्याचा नंबर शोधू लागतात. आधी मागच्या पोर्टला, आखूड केबलने, मधला हब काढून लावून पाहावं. टिकटिक थांबली तर पैसे वाचले. नाही थांबली, तर तिचा विचार पुढे येणार आहे.

साडेतीन इंची, टेबलावर उभ्या राहणाऱ्या डिस्कची गोष्ट वेगळी. तिला बहुतेक वेळा १२ व्होल्टचा स्वतंत्र ॲडॅप्टर लागतो आणि त्याची गोल पिन राउटर, सेटटॉप बॉक्स, लॅपटॉप अशा कशाकशाच्या पिनेसारखीच असते. घरात ड्रॉवर भरून जुने ॲडॅप्टर असतात. त्यातला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा एखादा चुकून लावला, की डिस्क तत्क्षणी गप्प होते. अशा वेळी पुष्कळदा घडतं ते असं: बोर्डावर विजेच्या वाटेतच एक छोटा संरक्षक डायोड बसवलेला असतो, जास्त व्होल्टेज आलं की तो स्वतः शॉर्ट होतो आणि मागच्या सर्किटला वाचवतो. डिस्क मेली असं वाटतं, पण मेलेला असतो तो डायोड. सोल्डरिंगचा हात बसलेला कारागीर तो शोधून उचकटून टाकू शकतो आणि त्यानंतर डेटा उतरवण्याइतकी डिस्क चालते. एवढं ठाऊक असलेला माणूस भेटणं हे नशीब. दुसरा छुपा चोर म्हणजे म्हातारा झालेला ॲडॅप्टर. मीटर लावला तर तो १२ व्होल्ट दाखवतो, डिस्कचा दिवाही लागतो, पण मोटरचा भार आला की व्होल्टेज ढासळतं. त्याच व्होल्टचा, तितक्याच किंवा जास्त अँपिअरचा आणि पिनेची धन-ऋण बाजू तीच असलेला दुसरा ॲडॅप्टर लावून पाहणं हीच त्याची परीक्षा.

केबलबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. यूएसबी ३.० च्या पोर्टेबल डिस्कचा तो रुंद, चपटा, मध्ये खाच असलेला सॉकेट नीट पाहा. त्याचे दोन भाग आहेत. त्यातला मोठा भाग म्हणजे जुन्या अँड्रॉइड फोनला लागायचा तोच मायक्रो यूएसबीचा सॉकेट. फोनची साधी केबल तिथे बसते आणि डिस्क यूएसबी २.० च्या वेगाने चालते. मूळ केबल खराब आहे की सॉकेट, हे ठरवायला यासारखी सोपी युक्ती नाही, आणि अनेकदा अतिवेगवान तारा तुटलेली डिस्क या जुन्या वाटेने निमूट सगळा डेटा देऊन टाकते. अट इतकीच की फोनची ती केबल नुसती चार्जिंगची नसावी; काही स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. कोकण-गोव्याच्या दमट हवेत कपाटात पावसाळा काढलेल्या डिस्कच्या पिनांवर ओलीची पुटं चढतात, तेव्हा केबल दोन-चार वेळा काढून घालणं हाही खरा उपाय असतो.

जाता जाता एक. डिस्क लावली की वायरलेस माउस अडखळायला लागतो, हा भास नव्हे. यूएसबी ३.० च्या वाहतुकीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट निर्माण होतो, आणि माउसचा छोटा रिसीव्हर त्याच पट्ट्यात ऐकत असतो. इंटेलनेच २०१२ मध्ये त्यावर टिपण काढलं होतं. माउसचा रिसीव्हर लांबच्या पोर्टमध्ये लावावा, डिस्कचा त्यात दोष नाही.

वीज आणि केबल निर्दोष ठरली की संगणकाकडे वळायचं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणासह ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ आणि कोड ४३ दिसला, तर त्याचा अर्थ ओळखपरेडच फसली. बोर्डाने आपलं नाव नीट सांगितलं नाही. त्या नोंदीवर उजवी क्लिक करून ती अनइन्स्टॉल करावी, डिस्क काढावी, संगणक पूर्ण बंद करून पुन्हा लावावी. यात कधीकधी यश येतं. ‘ड्रायव्हर अपडेट’च्या सल्ल्याबद्दल मात्र मी साशंक आहे. यूएसबी डिस्कचा ड्रायव्हर विंडोजच्या पोटातच असतो, तो कंपनीगणिक बदलत नाही, आणि तो शोधून देतो म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी घेऊन येतात.

खरी खिडकी आहे डिस्क मॅनेजमेंट. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक केली की यादीत सापडते. इथे पाऊल टाकतानाच एक सापळा आहे. विंडोजला डिस्कवरचा पार्टिशनचा तक्ता वाचता आला नाही, तर खिडकी उघडताक्षणी ‘इनिशियलाइज डिस्क’ असा चौकोन समोर येतो आणि एमबीआर की जीपीटी, एवढंच विचारतो. जणू काही फॉर्म भरायचा राहिला होता! डिस्क नवी कोरी असेल तर खुशाल ओके करा. जुनी, भरलेली असेल तर कॅन्सल. इनिशियलाइज केल्याने फायली पुसल्या जात नाहीत, पण त्या कुठून सुरू होतात हे सांगणारा तक्ता नव्याने लिहिला जातो आणि पुढचं काम अवघड होऊन बसतं.

चौकोन बंद केल्यावर खाली काय दिसतं ते वाचायचं. डिस्क दिसते, निळी पट्टी आहे, ‘हेल्दी’ लिहिलं आहे, फक्त अक्षर नाही, तर यासारखं सुख नाही. उजवी क्लिक करून अक्षर द्या आणि चहा प्या. नेटवर्कवरच्या एखाद्या ड्राइव्हने तेच अक्षर आधी अडवलेलं असलं की असं होतं. डिस्क ‘ऑफलाइन’ असेल तर डाव्या बाजूच्या तिच्या नावावर उजवी क्लिक करून ऑनलाइन करता येते. मूळ डिस्क आणि तिची हुबेहूब नक्कल एकाच वेळी लावली की दोघींची सही जुळते आणि विंडोज एकीला बाहेर ठेवतं. ‘नो मीडिया’ किंवा क्षमता शून्य दिसली, तर बोर्ड बोलतो आहे पण मागची डिस्क उत्तर देत नाही, आणि हे गंभीर आहे. पूर्ण क्षमता दिसते पण फाइल सिस्टिमच्या जागी ‘रॉ’ लिहिलं आहे, तर डिस्क वाचता येते, मांडणी वाचता येत नाही.

आता हे ‘रॉ’ प्रकरण. फाइल सिस्टिम बिघडली म्हणजे रॉ, असं सगळे धरून चालतात. दरवेळी तसं नसतं. ती विंडोजला परकी असली तरी विंडोज हेच करतं. मुंबई-पुण्याकडचा फोटोग्राफर लग्नाचं शूटिंग मॅकवर एडिट करतो आणि डिस्क मॅकच्याच एचएफएस प्लस किंवा एपीएफएस मांडणीत भरून देतो. घरी विंडोजचा लॅपटॉप. डिस्क लावली की विंडोज विनम्रपणे विचारतं, वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल, करू का? आणि अख्खं लग्न धोक्यात येतं. डिस्कला काहीही झालेलं नसतं, कुणाच्या तरी मॅकला लावली की ती धडधाकट उघडते. लिनक्सच्या एक्स्ट-४ ची तीच कथा. उलट बाजूने, विंडोजची एनटीएफएस डिस्क मॅक वाचतो पण तिच्यावर लिहू देत नाही. तिथे लोक ‘डिस्क लॉक झाली’ म्हणतात. दोघांना चालणारी मांडणी एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने ती २००६ मध्ये आणली आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये ती २०१९ पासून आहे. पण तिच्यात बदलांची आगाऊ नोंद ठेवण्याची सोय नाही, त्यामुळे चालू कामात केबल उपटली तर ती लवकर विस्कटते. मॅकवर अशी विस्कटलेली एक्सफॅट डिस्क लावली की पडद्यावर काहीच येत नाही, दिवा मात्र लुकलुकत राहतो. मॅक पाठीमागे तिची तपासणी करत असतो आणि मोठ्या डिस्कला त्यात बराच वेळ जातो. ती आपोआप उगवेपर्यंत वाट पाहणं हा त्यावरचा उपाय. दर दोन मिनिटांनी केबल काढून लावणाऱ्याची डिस्क कधीच उगवत नाही.

मॅकचे आणखी दोन बारकावे. फाइंडरच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या डिस्क दाखवण्याची खूण निघाली असेल तर डिस्क जोडलेली असून डेस्कटॉपवर येत नाही. आणि २०२२ च्या व्हेंचुरापासून ॲपलची स्वतःची चिप असलेले लॅपटॉप नव्या यूएसबी वस्तूला परवानगी विचारतात; तो चौकोन घाईत नाकारला की डिस्क असून नसल्यासारखी. लिनक्सवाल्यांना विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’ने छळलं आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘शटडाउन’ म्हणजे अर्धवट झोप, आणि त्या झोपेत सोडलेली एनटीएफएस डिस्क लिनक्स जोडून घ्यायला किंवा तिच्यावर लिहायला नकार देतं. विंडोज री-स्टार्ट करून, डिस्क सेफली रिमूव्ह करून मग न्यावी. बिटलॉकरने कुलूपबंद केलेली डिस्क पासवर्ड मागते, तो नसेल तर ४८ आकडी किल्ली. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली सापडू शकते, नाहीतर डेटा विसरा. टीव्हीचं तर बोलूच नये. अनेक टीव्ही रेकॉर्डिंगसाठी डिस्क स्वतःच्या मांडणीत फॉरमॅट करून घेतात आणि ती मग त्याच टीव्हीची होऊन जाते.

मांडणी आपलीच आहे आणि खरोखर विस्कटली आहे असं ठरलं, की सल्ला येतो चेकडिस्क चालवण्याचा. निरोगी डिस्कवर तो रास्त आहे. मरत्या डिस्कवर तो खाटकाचा सुरा आहे. चेकडिस्कला तुमच्या फायलींशी देणंघेणं नसतं, फाइल सिस्टिमचा हिशेब जुळवणं हे त्याचं काम. हिशेबात न बसणारी नोंद तो तोडून टाकतो, आणि त्यासाठी दुबळ्या झालेल्या डिस्कला तासन्‌तास राबवतो. म्हणून आधी डेटा उतरवा, मग डिस्क दुरुस्त करा. हा क्रम उलटा करू नये. फॉरमॅटचंही तसंच. साध्या हार्ड डिस्कवर ‘क्विक फॉरमॅट’ मारला तरी फायली बहुतांशी जागेवर राहतात, फक्त त्यांची यादी जाते. ‘फुल फॉरमॅट’ मात्र विंडोज व्हिस्टापासून सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितो, मग ब्रह्मदेवही काही परत आणू शकत नाही. एसएसडीवर, आणि काही नव्या पोर्टेबल हार्ड डिस्कवरही, क्विक फॉरमॅटनंतरसुद्धा आशा कमीच, कारण ही जागा आता मोकळी आहे असं डिस्कला कळवलं जातं आणि त्यानंतर ती जुना मजकूर वाचूच देत नाही.

डेटा उतरवण्याची साधनं फुकट आहेत आणि चांगली आहेत. हरवलेलं पार्टिशन शोधायला टेस्टडिस्क, नुसते फोटो-व्हिडिओ उपसून काढायला फोटोरेक. दोन्ही क्रिस्तोफ ग्रनिए या फ्रेंच प्रोग्रामरने लिहिलेली. फोटोरेक फायलींची नावं परत देत नाही, हजारो फोटो आकडेवजा नावांनी ओततो, त्यामुळे नंतर वर्गवारी करायला बसावं लागतं. पण फुकटात ते चालवून घ्यावं. डिस्क जागोजागी अडखळत असेल तर दोन्हींच्या आधी लिनक्सवरचं जीएनयू डीडीरेस्क्यू. ते आधी सहज वाचता येणारा भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवतं आणि हट्टी भागाकडे नंतर वळतं. कुठवर आलो याची नोंद ठेवत असल्याने काम मध्येच थांबवता येतं. नंतरची सगळी शोधाशोध त्या उतरवलेल्या नकलेवर करायची, मूळ डिस्क बाजूला ठेवायची. विंडोजवरची विकतची रिकव्हरी सॉफ्टवेअरं सापडणाऱ्या फायलींची यादी पैसे घेण्याआधी दाखवतात. ती पाहूनच पैसे भरावेत, आणि सापडलेलं कधीही त्याच डिस्कवर उतरवू नये.

आता राहिलेली टिकटिक. १९५६ साली आयबीएमने आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्क यंत्रात २४ इंची ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून जेमतेम ५० लाख अक्षरं मावत. आज खिशात मावणाऱ्या डिस्कच्या एकेका तबकडीवर एक टेराबाइट मावतं, आणि त्यासाठी मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीवर हेड काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत असतं. धुळीचा कण त्या फटीपेक्षा कितीतरी मोठा. चालू डिस्क टेबलावरून पडली की हेड तबकडीवर आपटतं. चांगली वीज देऊनही ठराविक लयीत टकटक येत असेल, तर हेडला आपली जागा सापडत नाही आणि ते पुन्हापुन्हा टोकाला जाऊन आदळतं आहे. टकटक नसून बारीक ‘बीप’सारखा आवाज येत असेल, तर मोटर जोर लावते आहे पण फिरत नाही, हेड तबकडीला चिकटलं आहे किंवा बेअरिंग जाम झालं आहे. दोन्ही बाबतीत डेटा हवा असेल तर केबल काढा आणि परत लावू नका. प्रत्येक प्रयत्नागणिक तबकडीवर ओरखडे वाढतात.

नेमकी इथेच घरगुती युक्त्यांची रांग लागते. डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय जुन्या डिस्कच्या काळातला. आज त्यातून मिळतं ते तबकडीवर साचणारं दव. तळहातावर आपटून चिकटलेलं हेड सोडवणं म्हणजे सोडवताना ते मोडणं. स्क्रू काढून ‘आत बघूया तरी’ म्हणणाऱ्याला मी हात जोडतो. हे काम धूळ गाळलेल्या हवेच्या क्लीन रूममध्ये, तशाच दुसऱ्या डिस्कची हेडं काढून बसवून करतात. तशाच मॉडेलचा जुना सर्किट बोर्ड आणून बदलणं पूर्वी चालायचं, आता सहसा चालत नाही. प्रत्येक डिस्कच्या हेडांची खास मापं तिच्या बोर्डावरच्या एका चिपमध्ये लिहिलेली असतात. ती चिप उचलून नव्या बोर्डावर बसवावी लागते.

कवचातून डिस्क काढून थेट साटा केबलने लावण्याचा सल्ला यापेक्षा समंजस आहे आणि ब्रिज बोर्ड जळाला असेल तर डेटा परत मिळवून देतो. पण त्याच्या मर्यादा दुकानदारही विसरतात. पुष्कळ नव्या पोर्टेबल डिस्कमध्ये वेगळी पट्टीच नसते, यूएसबीचा सॉकेट डिस्कच्याच बोर्डावर सोल्डर केलेला असतो. वेस्टर्न डिजिटलच्या माय पासपोर्टसारख्या अनेक मॉडेलांत बोर्डावरची चिप सगळा मजकूर कूटबद्ध करून लिहिते, तुम्ही पासवर्ड ठेवला नसला तरी. त्या चिपशिवाय डिस्कवर नुसता कचरा दिसतो. आणि दोन टेराबाइटच्या वरच्या काही जुन्या डिस्कचे बोर्ड जुन्या विंडोजला चालावं म्हणून सेक्टरचा आकार ५१२ ऐवजी ४,०९६ बाइट दाखवत. अशी डिस्क थेट लावली की ती रॉ दिसते. घाबरून फॉरमॅट मारायचा नसतो, तसाच बोर्ड शोधायचा असतो.

डिस्क जाणार हे आधी कळत नाही का? थोडंफार कळतं. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं फुकट साधन डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी दाखवतं. पर्यायी जागेवर हलवलेले सेक्टर आणि अजून निकाल न लागलेले सेक्टर या दोन नोंदी शून्यावरून हलल्या की नवी डिस्क घ्यायला निघावं. केबलवरच्या चुकांची नोंद वाढत असेल तर मात्र डिस्क नव्हे, जोडणी तपासावी. पण कोऱ्या नोंदींवर विसंबू नका. गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कवर चार प्रमुख इशाऱ्यांपैकी एकही उमटला नव्हता. एसएसडी तर टिकटिकही करत नाही, आज आहे, उद्या नाही.

एका जातीच्या डिस्कला मात्र यातलं काहीच लागू नाही. ऑनलाइन बाजारात दीड-दोन हजारांत १६ टेराबाइटची ‘एसएसडी’ मिळते. उघडली तर आत एक छोटं मेमरी कार्ड आणि त्याला खोटी क्षमता सांगायला शिकवलेला बोर्ड. खरी जागा भरली की नवा मजकूर जुन्यावर चढतो किंवा हवेत जातो, आणि एक दिवस डिस्क ओळखायचीच बंद होते. तिच्यातून वाचवण्याजोगं काही उरत नाही. नवी डिस्क कितीही स्वस्त वाटो, पहिल्या दिवशीच एचटूटेस्टडब्ल्यू चालवून ती काठोकाठ भरून पाहावी. परत करण्याची मुदत असते तेव्हाच.

राहता राहिली वॉरंटी. कंपनी बदलून देते ती डिस्क, डेटा नव्हे. जुनी डिस्क एकदा पाठवली की ती परत येत नाही, आणि बदली म्हणून येणारी पुष्कळदा दुरुस्त केलेली असते. त्यामुळे डेटा हवा असेल तर आधी रिकव्हरी लॅब आणि मग वॉरंटी, हाच क्रम. लॅबमध्ये डिस्क देताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: तपासणीचे पैसे किती, काही निघालं नाही तर किती द्यायचे, आणि डिस्क उघडल्याचं लेखी पत्र देणार का. काही कंपन्या मान्यताप्राप्त लॅबचं असं पत्र पाहून वॉरंटी कायम ठेवतात. ‘आधी आम्ही एकदा ट्राय करून बघतो’ असं म्हणणाऱ्या काउंटरवर मात्र टकटक करणारी डिस्क ठेवू नका.